परसातलं पिंप

आमच्या बॅक गार्डनमध्ये आजवर कशाकशाचा उदय झाला आणि कशाकशाचा अस्त झाला, ते सगळं मी किचनच्या खिडकीतून बघितलेलं आहे. सिंकसमोरच ती खिडकी आहे आणि सिंकसमोर मी असते. बर्मिंगहॅमच्या या घरात राहायला आलो तेव्हा सुपरमार्केटमधल्या फॉइलच्या ट्रेवर चिकनचे तुकडे भाजले जायचे. वरून जळलेले, आतून कच्चे. तेव्हा सगळ्यांची पोटं दणकट होती, कोणी तक्रार करत नसे. मग झाकणवाली गोल शेगडी आली. मग आमच्या ग्रुपमधल्या एकाने गॅसवर चालणारा भलामोठा बार्बेक्यू घेतला, म्हणून माझ्या नवऱ्याने त्याच्याहून मोठा घेतला. आणि मग एका उन्हाळ्यात ते पिंप आलं.

पिंप म्हणजे कोळशाचा स्मोकर. माझ्या छातीपर्यंत येईल एवढं काळंकुळकुळीत प्रकरण. खाली कोळसा, मध्ये पाण्याचं ताट, वर जाळीवर मटण आणि सगळ्यावर घट्ट झाकण. मंद आचेवर, धुरात, दिवसभर मांस शिजत बसतं. मी त्याला पहिल्यांदा पिंप म्हटलं तेव्हा नवऱ्याला फार लागलं. "स्मोकर म्हण गं," म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे लहानपणी आंघोळीच्या पाण्याचा बंब होता, तो अगदी असाच दिसायचा. त्याला इंग्लंडात एवढा मान मिळतो हे माहीत असतं तर लग्नात रुखवतात मांडून आणला असता.

दोन-तीन उन्हाळ्यांत आमच्या सगळ्या मराठी मंडळींच्या परसात पिंपं उभी राहिली. ज्या पुरुषांना स्वतःच्या घरात तूरडाळीचा डबा सापडत नाही, ते सफरचंदाच्या लाकडाचा धूर आणि चेरीच्या लाकडाचा धूर यांतला फरक सांगू लागले. फोनवर रात्रंदिवस अमेरिकन माणसांचे व्हिडिओ. खांदा, बरगड्या, आणि काही घरांत ब्रिस्केट. ब्रिस्केट हा कोणत्या जनावराचा भाग असतो हे कोणी मोठ्याने विचारत नसे. दर वर्षी पाच दिवसांचा गणपती बसवणारा माणूस अगदी शांतपणे मला म्हणाला होता की वहिनी, हे बीफ नाही, ब्रिस्केट आहे. मी म्हटलं, असेल हो.

मटणाला आलं-लसूण लावायचं आम्ही, कांदे चिरायचे आम्ही, दह्यातली कोशिंबीर आमची, भात आमचा, शेवटी त्या जाळ्या घासायच्या त्याही आम्हीच. आणि झाकण उघडून धुरातून प्रकट व्हायचं ते पुरुषांनी. मग सगळ्यांनी वा वा करायची. मीही करायची. खोटं कशाला बोलू, मटण उत्तम व्हायचं.

अडचण यायची ती श्रावणाची. या देशात ऊन पडतं ते नेमकं श्रावणात. आषाढातल्या अवसेला, गटारीच्या नावाने मोठी पार्टी व्हायची, बहुतेक वेळा छत्र्या धरून. दुसऱ्या दिवशी श्रावण लागायचा आणि लख्ख ऊन. मग व्हॉट्सॲपवर धर्मचर्चा सुरू. श्रावण पावसाळ्यासाठी आहे, इथे पावसाळाच नाही, तर श्रावण कसला, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणायचा, इथे बारा महिने पावसाळा आहे, मग बारा महिने पाळ. शेवटी ज्याला पाळायचा तो पाळायचा. त्याच्यासाठी पिंपात वांगी, कणसं आणि पनीर लागायचं.

तो पाळणारा म्हणजे भाऊजी.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे मित्र. वयाने त्याच्याहून बरेच मोठे, पण दोघं एकाच कारखान्यात इंजिनीयर होते, म्हणून अरेतुरेतली दोस्ती. आता ते रिटायर झालेत. बायको गेली त्याला काही वर्षं झाली. मुलगा-सून एडिनबराला, दोघं हॉस्पिटलात नोकरीला, सुट्टी मिळेल तेव्हा येतात. म्हणजे फारसे येत नाहीत. भाऊजी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. दोन बस बदलून आमच्याकडे यायचे, शनिवारी सकाळी, आम्ही धड उठलेलोही नसायचो तेव्हा.

कारण पिंपाला पहारेकरी लागतो. कोळसा पेटवा, तो पांढरा पडेपर्यंत थांबा, मग खालची भोकं किती उघडी ठेवायची, वारा फिरला की कुठलं बंद करायचं, पाणी आटलं का, आच उतरली का, हे दिवसभर बघत बसावं लागतं. आमच्या नवऱ्याला दिवसभर एका जागी बसवायचं तर त्याला बांधूनच ठेवायला हवं. पंधरा मिनिटं झाली की हा झाकण उघडणार, आच घालवणार आणि मग वाऱ्याला दोष देणार. म्हणून काम भाऊजींनी घेतलं. खुर्ची टाकून ते पिंपाशेजारी बसायचे, अंगात हिवाळी जाकीट, डोक्यावर कॅप, बाजूला ट्रान्झिस्टर.

ते संत वगैरे होते असं कोणी समजू नका. चहा त्यांना दर तासाला लागायचा आणि प्रत्येक कपाला नाव ठेवायचे. साखर कमी, नाहीतर दूध जास्त. क्रिकेटवर बोलायला लागले की मी कुकर लावायचे, शिट्ट्यांत तेवढंच ऐकू येत नाही. त्यांचे कारखान्यातले किस्से मला इतके पाठ आहेत की मधूनच सोडले तरी मी पुढे सांगू शकेन. नवरा उठून खाली आला की दोघांची पहिली दहा मिनिटं भांडणात जायची, लाकूड किती टाकलं यावरून. "तू माझ्या मटणाची वाट लावलीस," असं हा म्हणायचा आणि ते म्हणायचे, "तू झोप जाऊन परत." पाहुणे यायच्या आधीचे ते चार-पाच तास आमच्या घरात कोणीतरी सतत कुणावर तरी ओरडत असायचं, आणि घर भरलेलं वाटायचं.

एकदा मी चहा घेऊन बाहेर गेले होते. भाऊजी कोळसा सारखा करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी मी टीव्ही बंदच करत नाही, वहिनी. झोपलो तरी चालू असतो. माणसांचे आवाज येतात." एवढंच. लगेच पुढे चहात आलं नाही म्हणून कुरकुर. पण तेव्हा मला कळलं की हे मटणासाठी येत नाहीत. आठवड्यात एक दिवस त्यांना उठून कुठेतरी जायचं असतं, आणि तिथे त्यांच्यावाचून काम अडलेलं असतं. मी नवऱ्याला हे त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मला काय माहीत नाही का?" माहीत होतं तर पुढचं सगळं का झालं, हा माझा त्याला आजही प्रश्न आहे.

झालं असं की पिंपाची फॅशन गेली. जशी आली तशीच गेली, कोणाला न विचारता. आमच्यातला एक सर्जन आहे, त्याने पहिल्यांदा ते नवीन यंत्र आणलं. त्याला कोळसा लागत नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्या असतात. त्या एका डब्यात ओतायच्या, विजेचं बटण दाबायचं, आतला हातभर लांब स्क्रू फिरतो आणि गोळ्या आपोआप पुढे सरकून आगीत पडतात. किती आच हवी ते फोनवर सांगायचं. मटण झालं की फोन टुणकन वाजतो. सर्जनने पार्टीभर सोफ्यावर बसून मटण केलं आणि बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मग काय, सगळ्यांना एकदम पर्यावरण आठवलं. कोळशाचा धूर वाईट. शेजाऱ्यांना त्रास. फुफ्फुसं. एवढी वर्षं शेजारच्या म्हाताऱ्या इंग्लिश बाईचे वाळत घातलेले कपडे आमच्या धुराने भाजत होते, तेव्हा एकाचंही काळीज हललं नव्हतं. व्हॉट्सॲपवर कोणीतरी टाकलं, अजून कोळसा कोण वापरतं रे? खाली हसण्याच्या चेहऱ्यांची रांग. वापरलेल्या वस्तू विकायच्या साइटवर आमच्याच लोकांची पिंपं एकमेकांशेजारी उभी राहिली. ज्या माणसाने मला चेरीच्या लाकडावर व्याख्यान दिलं होतं, त्याने त्याचं पिंप फुकट न्या म्हणून लिहिलं होतं. तेही कोणी नेलं नाही.

आमच्याकडे यंत्र आलं ते वसंतात. पिंप गेलं शेडच्या मागे. पहिल्या शनिवारी भाऊजी नेहमीसारखे पहाटेच आले. नवऱ्याने त्यांना अंगणात उभं करून फोन दाखवला, बघ, हात लावायचा नाही, काही करायचं नाही. भाऊजींनी यंत्राभोवती एक फेरी मारली. इंजिनीयर माणूस, त्यांनी स्क्रूबद्दल चार बरे प्रश्नही विचारले. मग हा वर आंघोळीला गेला आणि ते आपल्या खुर्चीत बसले, बघायला काही नाही. थोड्या वेळाने उठून त्यांनी झाकण जरासं उचललं. बस्स. वरच्या मजल्यावर फोन कोकलला आणि बाथरूमच्या खिडकीतून आमचे हे ओरडले, "अरे, हात लावू नकोस म्हटलं ना!" मी किचनमध्ये होते. भाऊजींनी झाकण खाली ठेवलं आणि दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. जेवायला बसेपर्यंत ते बाहेर काढले नाहीत. मला असा संताप आला होता की हातातली कोथिंबीर मी नुसती ठेचून ठेवली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने त्यांना मेसेज पाठवला आणि मला कौतुकाने वाचून दाखवला. आता पहाटे उठून यायची गरज नाही, जेवायच्या वेळेलाच ये, आराम कर. बरोबर एक हसरा चेहरा. मी म्हटलं, हा मेसेज पाठवलास? तो म्हणाला, त्याचं वय बघ, दोन बस बदलून थंडीत कशाला धावायचं, मी त्याचाच विचार केला. आता यावर काय बोलणार! आपण कोणाला हाकललं हेच याला समजलेलं नव्हतं. मी बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उन्हाळाभर भाऊजी जेवायच्या वेळेला येत राहिले. मग एक शनिवार आड. मग गुडघा दुखतो. श्रावणात मीच फोन केला. म्हटलं, वांगी आणलीत, भरीत करू, सकाळीच या. त्यांच्या मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाले, "येऊन काय करू, वहिनी?" नुसतं बसायला या, असं मी म्हटलं खरं, पण नुसतं बसायला त्यांचं स्वतःचं घर होतंच की.

दसरा आला. आमच्याकडे सगळे सण शनिवारीच येतात, तसा तोही शनिवारी आला. खंडेनवमीची पूजा आणि दसरा आम्ही एकत्रच उरकतो: गाडी, दोघांचे लॅपटॉप, माझी सुरी आणि या वर्षी नवऱ्याच्या आग्रहाखातर ते यंत्र. त्याला झेंडूची माळ घातली. झाकणाला हळदकुंकू. मग याला वाटलं की खरं शस्त्र आत आहे, बाहेरून काय पूजा करायची! म्हणून गोळ्यांचा डबा उघडला. डब्याच्या काठावर विड्याचं पान, पानावर गणपती म्हणून सुपारी, आणि वरून भरपूर अक्षता. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघत होती. तिला नवऱ्याने सांगितलं की आम्ही यंत्राचे आभार मानतोय. ती म्हणाली, हाउ लव्हली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळ्या ग्रुपचं जेवण आमच्याकडे होतं. मटणाचे चार खांदे. भाऊजींना बोलावणं गेलं होतं, सगळ्यांना गेलं तसंच, जेवायच्या वेळेला या म्हणून. सकाळी नवऱ्याने सोफ्यावरून बटण दाबलं. थोड्या वेळात बाहेरून करकर आवाज आला, मग एक कट्ट, मग काही नाही. फोन लाल झाला. डबा उपसून, यंत्र आडवं करून, टॉर्च घालून बघितलं तेव्हा कळलं. काठावरची सुपारी घरंगळून गोळ्यांत गेली होती आणि स्क्रूच्या तोंडाशी गच्च अडकली होती. डबा रात्रभर उघडाच राहिला होता, त्यामुळे चारी बाजूंनी दवाने भिजून फुगलेल्या अक्षता. विघ्नहर्ताच आत जाऊन बसलेला. आणि गंमत म्हणजे आमच्या इंजिनीयरला ती सुपारी स्क्रूड्रायव्हरने ठोकवेना. विसर्जन केलेलं नाही, म्हणाला, तशी कशी फोडू! मी सिंकपाशी उभी राहून हसले, इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. हसणं थांबल्यावर मात्र मला एकदम बरं वाटलं. वाटलं, बरं झालं, आता भाऊजींना बोलावावंच लागेल.

नवऱ्याने तेच केलं. शेडमागून पिंप ओढून काढलं, कोळी झटकले आणि फोन लावला, स्पीकरवर. दहा-बारा वाक्यांत यंत्राची कर्मकथा सांगितली आणि म्हणाला, लगेच निघ, मी घ्यायला येतो गाडी घेऊन. पलीकडून भाऊजी हसले, सुपारीला मनापासून हसले. मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, "अरे, अजून माझी आंघोळ व्हायचीय. येतो मी जेवायच्या वेळेला. घ्यायला येऊ नकोस, बस आहे." आणि नवऱ्याने पुढे काही बोलायच्या आत, चालू दे तुझं, म्हणून फोन ठेवला.

मग जे व्हायचं ते झालं. कोळसा पेटला तर भडकलाच, नाही तर विझला. हा दर पाच मिनिटांनी झाकण उघडून आत बघत होता. आदल्या रात्री मँचेस्टरहून आलेली आमची मुलगी पिंप बघून भलतीच खूश. म्हणाली, "बाबा, हा तर प्रॉपर चारकोल! आता सगळे परत हेच घेतायत, माहितीये? ते ॲपवाला मशीन एकदम बोरिंग झाला." तिच्या मैत्रिणींच्या घरी म्हणे कोळशाचे स्मोकर परत आलेत, खरा धूर, हाताने केलेलं, स्लो लिव्हिंग. तिने पिंपाचे फोटो काढून पाठवले, त्यावर बदाम आले. मी चारही खांदे उचलून ओव्हनमध्ये टाकले.

भाऊजी आले तेव्हा निम्मे पाहुणे आलेले होते. पुढच्या दाराची बेल वाजवून आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात मिठाईचा बॉक्स. आमच्याकडे मिठाई घेऊन ते कधी आले नव्हते. हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसले. मी चहा दिला तर म्हणाले, छान झालाय. साखरेबद्दल अवाक्षर नाही. नवरा बाहेरून आत, आतून बाहेर. एकदा आच टिकत नाही म्हणाला, एकदा वारा आहे म्हणाला, एकदा नुसताच काळे हात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला वाटत होतं ते उठतील, त्याला दोन शिव्या घालतील आणि बाहेर जातील. मलाही वाटत होतं. भाऊजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "होईल रे, होईल." सर्जनच्या बायकोशी त्यांचं हवेबद्दल बोलणं चाललं होतं, ते त्यांनी पुढे चालू केलं.

जेवणात त्यांनी सगळ्याचं कौतुक केलं. ओव्हनमधल्या मटणाचंसुद्धा, ज्याला धुराचा वासही लागला नव्हता. मटण कोरडं झालं होतं. हा माणूस एरवी पहिल्या घासाला त्याची चिरफाड करायचा. वाढता वाढता मी मुद्दाम म्हटलं, भाऊजी, कोरडं झालंय ना? ते म्हणाले, नाही हो, उत्तम आहे.

चहा झाला आणि बसची वेळ झाली म्हणून ते उठले. मी दारापर्यंत गेले. म्हटलं, पुढच्या शनिवारी सकाळी या, पिंपच लावणार आहोत. बघू, म्हणाले, गुडघा कसा राहतो त्यावर. मग कॅप घातली, माझ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "बोलावल्याबद्दल आभारी आहे, वहिनी." इतक्या वर्षांत त्यांनी आमचे आभार कधी मानले नव्हते. कशाला मानतील? मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि कोणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

नवरा मागून आला. कोपरापर्यंत काळा झालेला, हातात चिमटा.

"गेला?" म्हणाला. "रागावलाय का गं तो माझ्यावर?"

"नाही रे," मी म्हटलं. "रागवायला माणूस घरचा असावा लागतो."